शिडाच्या फळीवर उभं राहायचं तर

मी शेणव्याहून बोलतेय. गटांच्या कामामुळे माझा आवाज तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या ओळखीचा आहे. पण एरवी मी हप्ता, व्याज, बँकेचं खातं असलंच बोलते. आज खेळावर बोलणार आहे, तोही पाण्यातल्या.

झालं असं, की एका गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक ओटीवर चालली होती आणि घरातली आठवीतली मुलगी कोपऱ्यात बसून आईच्या मोबाइलवर काहीतरी बघत होती. मध्येच तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. समुद्रात एक मुलगी फळीवर उभी, हातात मोठं शीड, आणि फळी सुसाट चाललेली. ही म्हणाली, "ताई, ही पाण्यावर उभी कशी राहते? इंजिन कुठंय?" मी काही बोलायच्या आत तिची आई म्हणाली, "तुला काय करायचंय? नदीत पाय घातलास तर तंगडं मोडीन." सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी जाताना मात्र वाटलं, पोरीने दोन प्रश्न विचारले आणि आपण एकाचंही उत्तर दिलं नाही. म्हणून मग वाचलं, व्हिडिओ पाहिले, विचारपूस केली. जे समजलं ते आज सांगते.

या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. आपण शिडाची फळी म्हणू. फळी माणसापेक्षा लांब असते. तिच्यावर डोलकाठी, डोलकाठीला शीड. छाती-खांद्याच्या उंचीवर, शिडाच्या दोन्ही बाजूंनी जाणारा एक वाकवलेला दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. खेळाडू तोच दोन्ही हातांनी धरून उभा राहतो. होडीत डोलकाठी घट्ट रोवलेली असते, इथे नसते. ती फळीला अशा सांध्याने जोडलेली असते, की खांद्यातून हात फिरतो तशी चारी बाजूंना कलते, अगदी पाण्यात आडवीसुद्धा पडते. सगळी गंमत आणि सगळा त्रास या सांध्यात आहे. माणसाने हात सोडले की शीड पडलं. ते उभं ठेवण्याचं काम खेळाडूच्या अंगाचं.

फळीला सुकाणू नसतं. शीड पुढे कलवलं की फळीचं तोंड वाऱ्यापासून दूर वळतं, मागे कलवलं की वाऱ्याकडे वळतं. म्हणजे वळवायचं तेही शिडानेच.

हा शोध कुणी लावला यावर कोर्टकचेरी झालेली आहे. अमेरिकेतल्या जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर या दोघांनी 1968 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि पुढे त्यांची फळी जगभर खपली. पण इंग्लंडमध्ये या पेटंटवरून खटला उभा राहिला, तेव्हा पीटर चिल्व्हर्स नावाच्या माणसाची गोष्ट पुढे आली. तो 12 वर्षांचा असताना, 1958 मध्ये, हेलिंग नावाच्या बेटावर त्याने प्लायवूडची फळी, एक काठी, तंबूचं कापड आणि पडद्याच्या कड्या जोडून असंच काहीतरी केलं होतं आणि त्यावरून तो पाण्यात फिरला होता. ब्रिटनच्या न्यायालयाने ते ग्राह्य धरलं आणि तिथलं पेटंट रद्द केलं. आज स्पर्धेच्या फळीला लाखांत पैसे लागतात, पण तिच्या मुळाशी घरातल्या चार वस्तूंची जोडाजोड आहे. आपल्या घरातही पोरं अशी जोडाजोड करत असतात आणि आपण "पसारा आवर" म्हणून ओरडत असतो.

आता शिकणाऱ्याचा पहिला दिवस. पहिला धडा जमिनीवर असतो. पाय कुठे ठेवायचे, पाठ कशी, हात कसे. मग पाणी, छातीपर्यंत किंवा त्याहून थोडं जास्त. अंगात तरंगणारं जाकीट. पोहता येणं आधीच हवं. फळी रुंद देतात, म्हणजे ती कमी डुगडुगते. शीड लहान देतात, साधारण 3 ते 4 चौरस मीटरचं. आपली पाचवारी साडी पूर्ण उघडून पसरली तर 6 चौरस मीटरच्या आसपास भरते, म्हणजे निम्म्या साडीएवढं कापड.

शीड पाण्यात आडवं पडलेलं असतं. फळीवर उभं राहून दोरीने ते वर ओढायचं. पहिल्या दिवशी सगळे इथेच रडकुंडीला येतात, कारण ते जोर लावून हातांनी ओढतात. कापडावर पाणी साचलेलं, ते जड लागतं, माणूस पुढे वाकतो आणि धप्पकन पडतो. आपण नदीवर गोधडी धुतो तेव्हा ती अख्खी एकदम उचलतो का? एक टोक धरून हळूहळू वर घेतो, पाणी निथळू देतो. इथेही तसंच. आणि जोर हातांचा नाही. विहिरीतून पोहरा ओढताना जसं गुडघे किंचित वाकवून अंग मागे टाकतो, तसं अंगाच्या वजनाने ओढायचं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आपल्यातल्या निम्म्या जणी पहिली पायरी सहज पार करतील. डोक्यावर दोन हंडे घेऊन ओल्या पायवाटेने येणाऱ्या बाईला तोल म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही.

शीड वर आलं की बूम धरायचा, शीड थोडं आत ओढायचं, त्यात वारा भरतो आणि फळी चालू लागते. दहा हात जाऊन पुन्हा धप्प. पुन्हा चढायचं, पुन्हा ओढायचं. सुरुवातीचे कित्येक तास हेच. या काळात एक नियम डोक्यात पक्का भरवतात: काही झालं तरी फळी सोडायची नाही. फळी तरंगते, माणूस दमतो. दिसतो तो किनारा जवळ वाटतो म्हणून फळी सोडून पोहत निघाला, तो फसला. दुसरा नियम वाऱ्याचा. जमिनीकडून पाण्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात नवख्याने उतरायचं नाही, कारण तो आत नेतो आणि परत आणत नाही.

वारा ओळखणं हा या खेळाचा अर्धा भाग आहे. उपणणी करताना आपण काय करतो? घडवंचीवर चढायच्या आधी मूठभर भुसा सोडून बघतो, वारा कुठून आहे. मग त्याला पाठ द्यायची की कूस, हे ठरवतो. वारा पडला की सूप खाली ठेवतो. आषाढात लावणीला वाकलेलो असताना वारा इरल्यात शिरला तर न बघताही अंग वळवतो. खेळाडू पाण्यावरून हेच करतात. पाण्यावर गडद सुरकुत्यांचा पट्टा सरकत येताना दिसला की जोराची झुळूक येतेय, अंग मागे टाकायला तयार राहायचं.

वारा पाठीवर किंवा बाजूला असेल तोवर ठीक. पण वारा समोरून असताना तिकडेच जायचं असेल तर? त्या आठवीतल्या मुलीनेही नंतर मला हेच विचारलं. सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, कुठलंच शीड जात नाही. पण तिरकं जाता येतं. शीड पक्ष्याच्या पंखासारखं फुगीर असतं, वारा त्याला पुढे आणि बाजूला ओढतो. फळीच्या खाली पाण्यात एक उभी पाती असते, ती बाजूला सरकू देत नाही. मग उरतो फक्त पुढचा मार्ग. फणसाची ओली आठळी दोन बोटांत दाबली की कशी सुळकन पुढे निसटते, तसं. आणि हे तिरकं जाणं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करत राहायचं. माळशेज घाटात गाडी सरळ कड्यावर चढत नाही, वळणं घेत चढते. इथे वारा हाच घाट.

जिथून निघाले तिथेच परत येता आलं, म्हणजे मुलगी शिकाऊ राहिली नाही. तोपर्यंत ती वाऱ्याची पाहुणी असते, तो नेईल तिकडे जाते.

इथून पुढे दोन वाटा फुटतात. बहुतेक जण सुट्टीत मजा म्हणून फळी चालवतात आणि तिथे थांबतात. थोडे स्पर्धेकडे जातात. त्यांची आता कमरेला पट्टा आणि त्याला आकडा अशी तयारी होते. आकडा बूमच्या दोरीत अडकवला की शिडाची ओढ हातांवर न येता कमरेवर येते. पाय अडकवायला फळीवर पट्टे येतात. वारा ताशी 20-25 किलोमीटरच्या वर गेला की फळी पाणी कापत चालायची थांबते आणि पाण्याच्या वरच्या थरावर घसरू लागते. तो वेग पहिल्यांदा लागतो तेव्हा भल्याभल्यांची भीतीने गाळण उडते, असं खेळाडू सांगतात. आणि मग तीच ओढ लागते.

स्पर्धेत वयाप्रमाणे साहित्य ठरलेलं असतं. लहान मुला-मुलींची टेक्नो 293 नावाची फळी आहे. 293 सेंटिमीटर लांब, म्हणून ते नाव. 15 वर्षांखालच्यांना 6.8 चौरस मीटरचं शीड, 17 खालच्यांना 7.8 चं. म्हणजे आधी पाचवारीएवढं, मग त्याहून मोठं. मोठ्या पुरुषांचं शीड 9 चौरस मीटरच्या पुढे जातं, ती आपली नऊवारी. आता 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपासून नवी तऱ्हा आली आहे. फळीखाली खांबासारखी पाती आणि तिला पंख. वेग आला की पाण्यातला पंख फळीला वर उचलतो आणि फळी पाण्याच्या वरून अधांतरी जाते. त्या मुलीने मोबाइलवर पाहिलं ते बहुतेक हेच असणार. तेव्हा तिचा प्रश्न वेडगळ मुळीच नव्हता.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. कात्या कुएल्हो आणि तिचा भाऊ डेन कुएल्हो. त्यांचे वडील डोनाल्ड कुएल्हो स्वतः याच खेळातले. मुलं त्यांच्यामुळे लहानपणीच पाण्यात उतरली. 2018 मध्ये जकार्ताला आशियाई खेळ झाले, तिथे हे दोघं भाऊ-बहीण भारताकडून विंडसर्फिंगच्या शर्यतीत उतरले. भाऊ शिकतोय आणि बहीण किनाऱ्यावर टॉवेल धरून उभी, असं त्या घरात झालं नाही. मला या गोष्टीत पदकापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं. आपल्याकडे पोरगा डोहात उडी मारायला शिकतो तो मोठ्या भावाबरोबर, चुलत्याबरोबर, नाहीतर गुरं धुवायला नेताना. पोरीला कोण नेतं?

पण तुम्ही म्हणाल, बापच खेळाडू, घराशेजारी समुद्र, त्यांचं काय सांगतेस. बरोबर आहे. म्हणून दुसरं उदाहरण भोपाळचं. तिथे समुद्र नाही, मोठा तलाव आहे, राजा भोजाने बांधवला असं सांगतात. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा बराच भाग त्याच तलावातून जातो. त्याच तलावावर मध्य प्रदेश सरकारने शिडाच्या खेळांची अकादमी चालवली आहे. चाचणी घेऊन मुलं-मुली निवडायची. राहणं, जेवण, शिकवणं, होड्या सगळं सरकारचं. देवास जिल्ह्यातल्या खेड्यातली नेहा ठाकूर, शेतकऱ्याची मुलगी, तिथे शिकली. ती फळीवर उभी राहत नाही, एकटीने चालवायच्या छोट्या शिडाच्या होडीत बसते, पण वारा वाचायची विद्या तीच. 2023 मध्ये चीनमधल्या हांगझोऊला आशियाई खेळ झाले, तिथे 17 वर्षांच्या नेहाने रौप्यपदक घेतलं. याच अकादमीत तयार झालेल्या ईबाद अलीने त्याच खेळांत विंडसर्फिंगमध्ये कांस्य घेतलं. त्याच राज्यातली हर्षिता तोमर त्याआधी 2018 मध्ये जकार्ताला 16 व्या वर्षी कांस्य घेऊन आली होती, तेही मुलगे आणि मुली एकत्र उतरतात अशा शर्यतीत. हर्षिता आधी पोहणारी होती, मग शिडाकडे वळली.

इथे गुण कसे मोजतात ते सांगते, कारण हिशेब आपला विषय. आपल्याला वाटतं जास्त गुण तो पहिला. इथे उलटं आहे. पहिला आला त्याला 1 गुण, दुसऱ्याला 2, पाचव्याला 5. गुण म्हणजे डोक्यावरचं कर्ज समजा, ज्याचं कमी तो जिंकला. एका दिवसात संपत नाही, बऱ्याच शर्यती होतात आणि सगळ्यात वाईट शर्यत वगळतात. नेहाच्या 11 शर्यती झाल्या, एकूण 32 गुण. तिची सगळ्यात वाईट शर्यत 5 गुणांची, ती वगळून 27. सोनं घेणाऱ्या थायलंडच्या मुलीचे 16. आणि तिसऱ्या आलेल्या सिंगापूरच्या मुलीचे 28. एका गुणाने रौप्य. एखाद्या शर्यतीत तिने अजून एक जागा गमावली असती तर दोघी बरोबरीत आल्या असत्या. म्हणून या खेळात एखादी शर्यत जिंकणारीपेक्षा रोज पहिल्या दोन-तीनांत येणारी पुढे जाते. गटात एकदाच पाच हजार भरणारी आणि दर महिन्याला न चुकता शंभर भरणारी, यातली कुणावर आपण जास्त विश्वास टाकतो?

शर्यतीची सुरुवातही वेगळी. पळण्याच्या शर्यतीत रेषेवर उभं राहता येतं. पाण्यावर थांबता येत नाही. एक बोट आणि एक तरंगता खूणगठ्ठा यांच्यामध्ये मनातली रेघ असते. सगळे तिच्या मागे घिरट्या घालतात आणि भोंगा वाजेल त्याच क्षणी पूर्ण वेगात रेघ ओलांडायची. आधी ओलांडली तर दंड, उशीर झाला तर पुढच्यांच्या शिडांनी अडवलेला उष्टा वारा मिळतो. पाच-सहा वर्षं घासल्याशिवाय हा अंदाज येत नाही. म्हणजे 12 व्या वर्षी सुरुवात केली तर 17-18 ला जमू लागतं.

आणि नेमकं हेच वय आपल्याकडे अडतं. मी गावोगाव फिरते, तेव्हा बघते. सहावीपर्यंत पोरी सायकल चालवतात, कबड्डी खेळतात, झाडावर चढतात. आठवी-नववीत सायकल भावाकडे जाते. शाळा लांब पडते. पाळी आली की "आता मोठी झालीस" म्हणून एकेक गोष्ट काढून घेतली जाते, आणि काढून घेणाऱ्या आपणच असतो, बायका. माझ्या आईनेही तेच केलं, तिला दोष द्यायला मी आलेले नाही. मी नदीकाठी वाढले. दोन्ही वेळा नदीवर जायचे, धुणं, भांडी, पाणी. आणि मला पोहता येत नाही. आजही गुडघ्याच्या वर पाणी आलं की पोटात गोळा येतो. भाऊ पोहतात.

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर हाँगकाँग आहे, त्यातलंच च्युंग चाऊ नावाचं कोळ्यांचं छोटं बेट. तिथली ली लाय-शान 12 व्या वर्षी मामाकडून शिडाची फळी शिकली. मामाचं किनाऱ्यावर खाण्यापिण्याचं छोटं दुकान होतं, ती तिथे कामही करायची. काम संपलं की फळी. ऑलिंपिकमध्ये हा खेळ 1984 ला आला, पण बायकांची स्वतंत्र शर्यत 1992 ला बार्सिलोनात सुरू झाली. त्या पहिल्याच शर्यतीत लाय-शान होती, 11 वी आली. पुढच्या वर्षी जगज्जेती झाली. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्ण जिंकलं, आणि ते हाँगकाँगला मिळालेलं पहिलं ऑलिंपिक पदक होतं. तेव्हा ती 25 वर्षांची होती. बारा ते पंचवीस, मध्ये तेरा वर्षं. कुठल्याही वर्षी घरच्यांनी "पुरे झालं" म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

आता आयांच्या मनातले प्रश्न. पहिला, पोर उन्हात काळी पडेल. पडेल थोडी. भाताच्या खाचरातही पडते, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. दुसरा, कपडे. या खेळात बहुतेक जण पूर्ण बाह्यांचा, पोटरीपर्यंतचा घट्ट पोशाख घालतात, ऊन आणि खरचटणं यांपासून वाचायला. तिसरा प्रश्न बैठकीत कुणी मोठ्याने विचारत नाही, तो मला बाजूला घेऊन विचारतात: पाळीत पाण्यात कसं? खेळणाऱ्या मुली कप वापरतात किंवा ते दोन-तीन दिवस पाण्याबाहेरचा सराव करतात. ज्याला जे सोसेल ते. पाळीत पाण्यात गेल्याने आजार होतो असं काही नाही. शंका असेल तर आपल्या उपकेंद्राच्या नर्सताईंना विचारा, त्या सांगतात.

त्याहून मोठा प्रश्न रक्ताचा आहे. शिडाशी झटायला दंड, पाठ, मांड्या लागतात आणि दम लागतो. रक्त कमी असलेली पोर दहा मिनिटांत पांढरीफटक पडते. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती पोरी दप्तरात लपवून घरी आणतात आणि चुलीमागे टाकतात, हे मी स्वतः पाहिलंय. गोळी जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी घेतली की मळमळते. खेळाचं सोडा, लावणीलाही ती गोळी लागते.

पैशाचं खोटं बोलणार नाही. स्पर्धेची फळी आणि शीड आपल्या कुणाच्या ऐपतीतलं नाही. या खेळात घरच्या खिशातून फार लांब जाता येत नाही. म्हणून भोपाळची मुलं पुढे गेली, तिथे सरकारने होड्या घेतल्या. आपल्या देशात लष्कर आणि नौदलाच्या क्लबांनी हा खेळ बराचसा सांभाळला आहे. जिथे शाळा-कॉलेजात एनसीसीची नौदल शाखा असते तिथे मुलींनाही वल्हवणं आणि शीड शिकवतात. तुमची मुलगी पुढे ठाण्याला, मुंबईला शिकायला गेली तर प्रवेश घेतानाच विचारा, ही शाखा आहे का.

आणि पाण्याचं? ते आपल्या तालुक्यात हिशेबाबाहेर आहे. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देतंय. भातसा तर मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भार उचलतंय. मुरबाडकडे बारवी आहे. एप्रिल-मे मध्ये आपण टँकरची वाट बघतो आणि धरणं तिथेच दिसत असतात. या धरणांत उतरायला बंदी आहे, आणि मी पोरींना तिथे न्या असं चुकूनही म्हणणार नाही. एकदम खोल होणारे काठ, बुडालेली झाडं, गाळ. दर पावसाळ्यात डोहात, धबधब्यात कुणाची ना कुणाची पोरं जातात, त्या आयांची भीती खरी आहे. "तंगडं मोडीन" म्हणणारी आई मूर्ख नाही. फक्त भोपाळचा तलावही पिण्याच्या पाण्याचा आहे, आणि शिडाला डिझेल लागत नाही, एवढं मात्र ज्यांच्या हातात नियम आहेत त्यांनी कधीतरी बसून बघावं असं मला वाटतं.

आपल्या हातात आहे ती पहिली पायरी, पोहणं. त्या बैठकीतल्या आईशी मी नंतर बोलले. ती म्हणाली, "ताई, मला येत असतं तर मीच शिकवलं नसतं का?" आमच्याच गटात एक कातकरी मावशी आहेत. लहानपणापासून नदीत मासे धरतात, पाण्यात अशा वावरतात की बघत राहावं. त्यांना विचारलं तर हसल्या, म्हणाल्या, "यात शिकवायचं काय? पाण्याशी भांडायचं नाय, आडवं पडायचं." मग ठरलं. गटाच्या बायकांनी पंचायतीबरोबर पोती भरून वनराई बंधारा घातलाय, तिथे पाणी कमरेएवढं साचतं, तळ वाळूचा, ओढ नाही.

दिवाळीनंतर पावसाचं पाणी निवळलं की रविवारी सकाळी दहा वाजता तिथे जमायचं. आत्ता सात मुलींची नावं आलीत, त्यातली एक आठवीतली. येताना सलवार-कुर्ता घालावा, ओढणी नको. केस घट्ट बांधून यायचं. कोरडे कपडे आणि खायला काहीतरी बरोबर घ्यावं. प्रत्येक मुलीबरोबर घरातलं एक मोठं माणूस हवं, ते काठावर बसून राहील, मोबाइल बघणार नाही. गाडीच्या फुगवलेल्या दोन ट्यूब आणि एक लांब दोरी मी आणते. पाण्यात एका वेळी दोनच मुली उतरतील. आणि आयांपैकी कुणाला शिकायचं असेल तर लाजू नका, आठवं नाव माझंच लिहिलंय.